घराचे काम गुत्त्याने देताना

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे झाले, कळस चढला, सर्वांच्या मनासारखे झाले. आता स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी आणि जमाखर्च छापून येईल. कोणी एक्कावन्न रुपये दिले, कोणी ब्रासभर वाळू दिली, कोणी ट्रॅक्टरच्या दोन खेपा फुकट केल्या, हे सारे तेथे नावानिशी येईल. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानास हिशोब ठेवावे लागतात व ते तपासूनही घ्यावे लागतात. परंतु तो कायदा नसता तरी गावाने हिशोब मागितलाच असता. दगड कोठून आणला, घडाईचा दर काय ठरला, पावती कोणाच्या नावाची आहे, असे प्रश्न पारावर बसून विचारले जातात आणि विचारणारा रास्तच विचारतो. देवाच्या पैशाची गोष्ट आहे.

पण तोच माणूस स्वतःचे घर बांधावयास काढतो तेव्हा काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. गुत्तेदाराला ओट्यावर बसवतो, चहा पाजतो, "काय रुपये फूट?" एवढे विचारतो, चांगला दिवस बघून नारळ फोडतो आणि पन्नास हजारांची उचल त्याच्या हातावर ठेवतो. कागद नाही, पावती नाही. नकाशा असलाच तर मुलाच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर. देवळात त्याचे हजार-पाचशे रुपये होते, त्याचा त्याने पै-पैचा हिशोब घेतला. घरात मात्र दोन वर्षांचे उसाचे बिल, मुलाच्या पगारातून शिल्लक टाकलेली रक्कम, बँकेचे कर्ज आणि घरधनिणीच्या गळ्यातले डोरले गेलेले असते, आणि त्याचा हिशोब मात्र गुत्तेदाराच्या खिशातल्या डायरीत असतो.

"घर पाहावे बांधून" असे जुनी माणसे म्हणत. त्या काळी निदान गवंडी, सुतार, लोहार हे डोळ्यांसमोरचे होते. माती पांढरीतली, लाकूड बांधावरचे, आणि चूक झाली तर पुढच्या सुगीला तोच सुतार दारात उभा. आता काम सिमेंट-लोखंडाचे झाले, रक्कम लाखांत गेली, आणि कोणी गुत्तेदार म्हणा, ठेकेदार म्हणा, कंत्राटदार म्हणा, असा एक माणूस मधे आला, जो सगळे अंगावर घेतो. मधला माणूस वाईट असतो असे मुळीच नाही. त्याच्यावाचून आज काम उभे राहत नाही. पण त्याच्याशी बोलणे कसे करावे, हे मात्र गावाला अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

कागद न करण्याचे कारण विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. "गावचाच माणूस आहे, भावकीतला आहे. कागद मागितला तर त्याला काय वाटेल?" ही भीड मोठी आहे व तिला हसण्याचे कारण नाही. गावात माणसाला माणसाचे तोंड रोज पाहावे लागते. तथापि घराच्या कामावरून अबोला धरलेली, लग्नकार्यात एकमेकांच्या मांडवात न जाणारी घरे कोणत्या गावात नाहीत? त्या भांडणांचे मूळ शोधले तर लबाडी थोडी सापडते आणि विसर जास्त. "जिना दरात धरला होता." "नव्हता धरला." दोघेही शपथेवर सांगतात आणि दोघेही आपल्या परीने खरे बोलत असतात. सहा महिन्यांपूर्वीचे बोलणे ज्याला त्याला आपल्या सोयीचे आठवते.

शिवाय कागदाची गरज घरमालकालाच असते हाही गैरसमज आहे. गुत्तेदार बुडाल्याची उदाहरणे काही कमी नाहीत. काम चालू असताना "एवढी एक मोरी वाढव, एवढा कट्टा ओढून घे" असे सांगत जायचे आणि शेवटी ठरल्याहून एक पैसा जास्त द्यायचा नाही, असे घरमालकही असतात. शेवटचा हप्ता वर्ष-वर्ष थकवणारेही असतात, आणि तिकडे बिगारी मजुरांनी गुत्तेदाराचे दार धरलेले असते. म्हणून कागद दोघांचा समजावा. बोलणे काढावयाचे ते त्याच शब्दांत काढावे: "बाबा, तुलाही बरे, मलाही बरे."

आता परवान्याची गोष्ट. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले गावी आली की पहिला प्रश्न करतात, "गुत्तेदाराकडे लायसन आहे का?" त्यांचे तेथले बरोबर असते. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे, तेथे कंत्राटदारांना परवाना देणारे सरकारी मंडळ १९२९ पासून आहे. घराचे मोठे काम परवान्याशिवाय अंगावर घेता येत नाही. परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, २५,००० डॉलरचा जामीनरोखा ठेवावा लागतो. आणि घरदुरुस्तीच्या कामात सुरुवातीची उचल कामाच्या रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल, तिच्याहून अधिक घेण्यास कायद्यानेच बंदी आहे. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात खेड्यातले खाजगी घर बांधणाऱ्या गुत्तेदाराला असा परवाना देणारे मंडळच नाही. पाटीवर मात्र "शासनमान्य ठेकेदार" असे मोठ्या अक्षरांत असते. त्याचा अर्थ काय, तो समजून घेतला पाहिजे. सार्वजनिक बांधकाम विभाग ठेकेदारांची वर्गवारीने नोंदणी करतो, व कोणत्या वर्गाने किती रकमेपर्यंतच्या सरकारी कामाची निविदा भरावी हे त्यावरून ठरते. ती नोंदणी सरकारी कामासाठी असते. ती खोटी नसते, तिच्यामागे कागदपत्रे असतात, पूर्वीच्या कामांचे दाखले असतात. पण आपल्या घराचा स्लॅब गळला तर त्या नोंदणीने काही भरून मिळत नाही. तसेच जी.एस.टी. क्रमांक. तो कराचा क्रमांक आहे, कसबाचा दाखला नव्हे. महारेरा हे नावही लोक आता घेतात. १ मे २०१७ पासून सुरू झालेले ते प्राधिकरण सदनिका व प्लॉट विकणाऱ्या बिल्डरांसाठी आहे. स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर बांधून घेणाऱ्याचा गुत्तेदार त्याच्या कक्षेत येत नाही.

घराच्या कामावर येणाऱ्या सर्व कारागिरांत ज्याच्याकडे सरकारी परवाना असणे जरूरच आहे, असा गडी म्हणजे वीजकाम करणारा. वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून व्हावे लागते, आणि नवीन जोडणी मागताना त्याचाच चाचणी अहवाल जोडावा लागतो. गंमत अशी की ज्याचा परवाना मागायचा त्याचा कोणी मागत नाही. गुत्तेदार आपल्या ओळखीचा पोरगा आणतो, तो भिंती खोदून नळ्या टाकतो, आणि अहवालावर सही दुसऱ्याच कोणाची तरी आणली जाते. येथे भीड धरू नये. लहान मुले त्याच भिंतींना हात लावणार असतात.

गवंड्यांच्या बाबतीत एक चांगली सोय अलीकडे झाली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण असते, प्रत्यक्ष घरकुलाच्या कामावरच ते दिले जाते व नंतर परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. असा प्रमाणपत्रधारक गवंडी मिळाला तर त्याला पहिला मान द्यावा. नाही मिळाला तर जुनाच उपाय करावा: गुत्तेदाराने मागील पाच वर्षांत बांधलेली तीन घरे पाहून यावीत. जावे ते ऐन पावसाळ्यात. छताच्या कोपऱ्यांत ओल आहे का, खिडकीच्या वरच्या कोनातून तिरकी भेग गेली आहे का, न्हाणीचे पाणी भिंतीत मुरते का, हे पाहावे. आणि त्या घरातल्या बाईला विचारावे. पुरुषमाणूस भिडेपोटी "बरे केले काम" म्हणतो, पण भांड्यात गळणारे पाणी टिपणारीला खरे माहीत असते.

कागदावर पहिली गोष्ट यावी ती मोजमापाची, कारण सर्वांत अधिक पैसा तेथेच जातो आणि जाताना दिसत नाही. "पंधराशे रुपये फूट" असे ठरते, पण फूट कोणता? समजा, घर वीस फूट रुंद व चाळीस फूट लांब आहे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाने मोजले तर आठशे चौरस फूट भरतात. आता स्लॅब चारही बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढला आणि गुत्तेदाराने स्लॅबवरून टेप धरला, तर मोजमाप तेवीस बाय त्रेचाळीस, म्हणजे नऊशे एकोणनव्वद चौरस फूट होते. एकशे एकोणनव्वद फुटांचा फरक पडला. पंधराशेच्या दराने दोन लाख त्र्याऐंशी हजार पाचशे रुपये! यात कोणी चोरी केलेली नाही. गुत्तेदार म्हणतो, "छज्जाला सिमेंट-लोखंड लागले नाही का?" तेही खरेच. म्हणून दर ठरवण्याच्या आधी टेप कोठून कोठे धरायचा हे ठरवावे, व छज्जा, जिना, पुढचा ओटा, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, संडासाचा खड्डा यांतले काय दरात धरले आणि काय वेगळे, ते एकेक नाव घेऊन लिहावे. पायाची खोली व जोत्याची उंचीही लिहावी. काळ्या जमिनीत पाया खोल न्यावा लागतो, ती जमीन पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते हे शेतकऱ्याला सांगावयास नको. पण दर बोलताना गुत्तेदाराने मुरमाचा पाया धरलेला असतो, आणि खोदाई झाल्यावर भांडण उभे राहते.

दुसरे म्हणजे काम मजुरीवर द्यावयाचे की मालासह उक्ते. याला सर्वांना लागू असे उत्तर नाही. ज्याच्या घरात रोज कामावर उभे राहणारे माणूस आहे, त्याने माल स्वतः आणून फक्त मजुरी उक्ती द्यावी हे बरे. सिमेंट कोणते येते, किती पोती लागली, हे त्याच्या डोळ्यांपुढे राहते. मात्र मग नासधूसही त्याचीच. गवंडी हात सैल सोडून माल वापरतो. जे देणगीदार बंधू मुंबईस नोकरी करून गावी घर बांधू इच्छितात त्यांना हे जमणार नाही. त्यांनी मालासहच द्यावे, पण सिमेंटची जात, सळईची प्रत, विटेचा प्रकार, फरशीचा फुटामागचा दर हे सर्व करारात घालावे. आणि गुत्तेदाराच्या ओळखीचा नसलेला एखादा अभियंता, मोबदला देऊन, पाया, जोते व स्लॅब या तीन वेळी तपासणीस पाठवावा. आजकाल मोबाईलवर रोज फोटो येतात व माणसाला समाधान वाटते. फोटोत सळईचे वजन दिसत नाही.

सळईच्या वजनाचे शेतकऱ्याला तर फारच सोपे आहे, कारण काटा त्याच्या ओळखीचा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे आणि १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोमध्ये येते. बारा मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते. बारा मीटरची, म्हणजे जवळजवळ चाळीस फुटांची, अखंड सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरली पाहिजे. आठ मिलिमीटरची तेवढीच लांब सळई पावणेपाच किलोच्या आसपास. थोडाफार फरक मान्य असतो, पण फार हलकी भरली तर ती सळई परत करावी. कांदा तोलताना अर्धा किलोसाठी वाद घालणाऱ्या गावाने लोखंड नगावर मोजून घ्यावे, हे बरे दिसत नाही. सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात भरले ते छापलेले असते. तीन महिन्यांच्या वरचे पोते तपासल्याशिवाय स्लॅबला वापरू नये.

काँक्रीट कालवण्याविषयी एकच सांगावयाचे. पन्नास किलोच्या एका पोत्याचे घनफळ सव्वा घनफूट, म्हणजे सुमारे ३५ लिटर धरतात. स्लॅबला साधारणपणे एक पोते सिमेंट, तेवढ्याच मापाच्या दीड पेट्या वाळू व तीन पेट्या खडी असे प्रमाण असते, आणि पाणी पोत्यामागे ३० लिटरच्या आत. घमेल्यांनी मोजले की दुपारनंतर घमेली मोठी होतात. आणि पाणी जास्त घातले की माल पातळ होऊन भराभर पसरतो, मजुरांचे हात दुखत नाहीत, पण ताकद तेथेच जाते. सळईखाली वीस मिलिमीटरचे सिमेंटचे ठोकळे ठेवून ती फळीपासून वर उचललेली आहे का, हेही पाहावे. नसेल तर काही वर्षांत सळई गंजते आणि छताचे पोपडे अंगावर पडू लागतात.

स्लॅब पडल्यानंतर दोन गोष्टींवरून हमखास वाद होतो. एक टेकू काढण्यावरून, दुसरा पाणी मारण्यावरून. सेंट्रिंगच्या प्लेटा व टेकू भाड्याचे असतात, दिवसाला भाडे चढते, म्हणून गुत्तेदाराला घाई असते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पावणेपंधरा फूट असेल तर टेकू सात दिवस ठेवावेत, त्याहून मोठा असेल तर चौदा दिवस. सहा मीटरपर्यंतच्या तुळईला चौदा दिवस, पुढे एकवीस. पाणी मारण्याचे म्हणाल तर साध्या सिमेंटला किमान सात दिवस व राखमिश्रित सिमेंटला किमान दहा. कोरड्या कडक उन्हाळ्यात हेच दहा व चौदा. आपल्याकडे बांधकामे उन्हाळ्यातच निघतात आणि बाजारातले पुष्कळसे सिमेंट राखमिश्रितच असते, तेव्हा चौदा दिवसच धरून चालावे. हे पाणी कोणी मारायचे? मालक समजतो गुत्तेदाराचा माणूस मारील, गुत्तेदार समजतो घर मालकाचे आहे, तो मारील. आणि स्लॅब तापत पडतो. पाणी कोणाचे व मारणार कोण, ही एक ओळ करारात हवीच. एप्रिल-मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर गाव असेल तर स्लॅबची तारीखच पुढे ढकलावी.

हे एवढे बारकाईने सांगण्यास कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घरांच्या दगडामातीखाली गेली. जाड भिंती मातीत रचलेल्या, आतल्या व बाहेरच्या दगडांना एकमेकांत बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीच्या धाब्याचे ओझे. त्यानंतर लोकांनी धसका घेऊन सिमेंटच्या स्लॅबची कास धरली. पण कच्च्या भिंतीवर ठेवलेला स्लॅब हेही ओझेच असते. जोत्याला, खिडकी-दरवाजाच्या वरच्या पातळीला आणि छताखाली सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा असला, तर घर एखाद्या पेटीसारखे एकत्र राहते. या पट्ट्यांचा खर्च एकूण कामाच्या मानाने फार नसतो, परंतु रेटारेटीच्या दरात गुत्तेदार आधी तेच वगळतो, कारण गिलावा झाल्यावर ते कोणाला दिसत नाहीत. करारात त्यांचे नाव घालावे.

आता पैसे देण्याविषयी. कॅलिफोर्नियातली दहा टक्क्यांची गोष्ट वर आली ती येथे आठवावी. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण तसे ठरवण्यास कोणी मनाईही केलेली नाही. गुत्तेदाराचे पैसे कामाच्या पुढे गेले की मालकाचा हात दगडाखाली सापडतो. एकाच्या घराची उचल दुसऱ्याच्या घरच्या मजुरांना वाटायची, दुसऱ्याची तिसऱ्याला, असे चाललेले असते. त्या साखळीत एक घर अडले की सगळी अडतात, आणि अर्ध्या भिंतींवर पावसाळा येतो. यात गुत्तेदाराची नियत वाईटच असते असे नाही, त्याच्याकडे भांडवलच नसते. म्हणून उचल दहा टक्क्यांच्या आत असावी व पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत: जोते भरून झाले की एवढे, लिंटेलपर्यंत भिंती आल्या की एवढे, स्लॅबवर एवढे, गिलाव्यावर एवढे. सणासुदीला गुत्तेदार जास्तीचे पैसे मागावयास येतो. मजुरांना दिवाळी करायची असते, त्याचेही खरे असते. द्यावयाचेच असतील तर पुढच्या हप्त्यातून वळते करण्याचे लिहून द्यावेत. प्रत्येक रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी, रोख दिली तर पावतीवर सही घ्यावी.

तोंडी करारसुद्धा १८७२ च्या करार कायद्याने करारच असतो, परंतु तो शाबीत करता करता माणूस टेकीला येतो. लेखी करार मुद्रांकावर करावा. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात करारांसाठी शंभराच्या जागी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. रक्कम मोठी असेल तर किती मुद्रांक लागेल हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे, कारण कमी मुद्रांकाचा कागद कोर्टात दंड भरल्यावाचून पुराव्यास चालत नाही. त्यावर दोन साक्षीदार असावेत, व त्यांतला एक गुत्तेदाराच्या बाजूचा असावा. काम सुरू करण्याची व पुरे करण्याची तारीख असावी. वाढीव कामाचा दर आधीच ठरवावा, आणि वाढीव काम सांगितल्या दिवशीच वहीत लिहून दोघांनी सही करावी. बांधकामाची परवानगी गावठाणात ग्रामपंचायत देते, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये त्याची तरतूद आहे. ती मालकाच्या नावाने असते व तिची जबाबदारीही मालकाची असते. "परवानगीचे मी बघून घेतो" असे गुत्तेदार म्हणाला तरी कागद स्वतःच्या हातात आल्याखेरीज कुदळ मारू नये. कामावरचे मजूर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदलेले आहेत का, हेही विचारावे. परांचीवरून पडलेल्या मजुराच्या घरच्यांना निदान तेथून काही मदत मिळते.

घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे, कारण तेथे नियम निराळा आहे. इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली आली तेव्हापासून, आणि २०१६ पासून तिच्या जागी आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे आहे. ठेकेदार लावण्यास मनाई आहे. सपाटीच्या भागात एक लाख वीस हजार रुपये २०१६ च्या योजनेने ठरवले, घर किमान २५ चौरस मीटरचे, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. हप्ते थेट लाभार्थ्याच्या खात्यावर येतात व प्रत्येक टप्प्याचा फोटो घेतल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. गवंडी लावावा, मजूर लावावा, त्याला कोणाची ना नाही. पण "पासबुक माझ्याकडे दे, घरकुल बसवून देतो" असे कोणी म्हणाले तर ते पासबुक त्याला देऊ नये. विधवा बाया, म्हातारी माणसे यांना असे सांगणारे प्रत्येक तालुक्यात भेटतात. त्यांचा पहिला हप्ता जातो, जोत्यावर काम थांबते, पुढचा हप्ता टप्पा न झाल्यामुळे अडतो, आणि म्हातारी कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहते.

इतके करूनही फसगत झालीच तर दार बंद नाही. पैसे घेऊन घर बांधून देणे ही कायद्याने सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले व २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तसेच आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र तेथे पहिला प्रश्न विचारतात तो पावतीचा. तत्पूर्वी गावातल्याच दोन जाणत्या माणसांना व एका अभियंत्याला घेऊन जागेवर बसावे, निम्मी प्रकरणे तेथेच मिटतात. मिटली नाहीत तरी त्या दिवशी केलेला पंचनामा पुढे उपयोगी पडतो.

राहिला शेवटचा हप्ता. एकूण रकमेच्या पाच टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत मागे ठेवावेत, असे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. गुत्तेदार कुरकुर करतो, पण सरकारी कामात त्याने अनामत ठेवलेलीच असते, त्याला ही रीत नवी नाही. दसऱ्याच्या सुमारास त्याला बोलवावे, दोघांनी मिळून गच्चीवर चढावे, पाणी कोठे साचते ते पाहावे, खाली येऊन छताचे चारही कोपरे पाहावेत. गळती असेल तर ती त्याने काढून द्यावी. नसेल तर त्याच दिवशी, एकही दिवस न लांबवता, त्याचे पैसे मोजून द्यावेत आणि कराराच्या पाठीवर "हिशोब पुरा झाला" असे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तो कागद घराच्या उताऱ्यासोबत ट्रंकेत ठेवावा.